नेटवर्किंग परीक्षेतील कच्चे पान : प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, लातूर

आमच्या संध्याकाळच्या नेटवर्किंग गटासाठी, परीक्षेत आकडेमोड मांडायच्या कच्च्या पानाचा एक निश्चित आराखडा तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. गटातील बहुतेक जण तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडलेले आहेत, काही जण औसा आणि निलंग्याहून रोज ये-जा करतात, आणि एक जण दिवसभर ब्रॉडबँडच्या जोडण्या देऊन मग वर्गात येऊन बसतो. या सर्वांना नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा, म्हणजे २००-३०१ क्रमांकाची, द्यायची आहे. तिचे शुल्क ३०० डॉलर आहे; कर धरता ते पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जाते, आणि शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरातून एवढी रक्कम एका परीक्षेसाठी काढून देणे सोपे नसते. म्हणून परीक्षेच्या १२० मिनिटांत जे जे आपल्या हातात आहे, ते आधीच नीट बसवून ठेवावे, अशी या कामामागची भूमिका आहे.

नियम आधी नोंदवतो, कारण आराखडा त्यांच्यावरच उभा राहणार आहे. परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर होते. लिहून आणलेला कागद आत नेता येत नाही. केंद्रावर पुसता येणारा प्लास्टिकचा फलक आणि मार्कर मिळतो, परीक्षा सुरू होण्याआधी त्यावर काहीही लिहायचे नसते, आणि बाहेर पडताना तो परत करावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढच्या प्रश्नावर गेल्यावर मागे येता येत नाही. लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेत ‘कच्च्या कामासाठी जागा’ छापलेली असते आणि अवघड प्रश्न बाजूला ठेवून शेवटी सोडवण्याची सवय आपल्याकडच्या मुलांना अशाच परीक्षांतून लागते. ती सवय येथे कामाची नाही. येथे कच्चे पान समोरच्या प्रश्नाचा निकाल तिथल्या तिथे लावण्यासाठी हवे.

७ जून २०२५

प्रत्येकाने आपापल्या मनाने कच्च्या पानावर काय लिहिले असते, ते आज कोऱ्या कागदावर लिहून घेतले. जे निघाले ते सर्वत्र सारखेच होते: नेटवर्कच्या कामाचे ओएसआय नावाचे सात थर, सेवा ओळखण्याच्या पोर्ट क्रमांकांची लांबलचक यादी, सिस्लॉगच्या, म्हणजे उपकरणांच्या सूचनांच्या, ० ते ७ पातळ्या, राउटिंग प्रोटोकॉलची, म्हणजे राउटर मार्ग शोधतात त्या पद्धतींची, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्गाची माहिती किती विश्वासार्ह हे सांगणारा आकडा, लहान तो वरचढ), दोनाचे घात आणि सबनेटचा, म्हणजे मोठे नेटवर्क लहान भागांत विभागण्याचा, तक्ता. काहींची पाने पाठपोट भरली होती.

यातले बरेच काही आम्ही काढून टाकले. त्यासाठी वापरलेली कसोटी एकच होती: ही गोष्ट फलकावर शोधून वाचायला लागणारा वेळ ती नुसती आठवायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर ती लिहायची नाही. एसएसएच ही सेवा २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, डीएनएस ५३ वर, डीएचसीपी ६७ आणि ६८ वर, एनटीपी १२३ वर. हे ज्याला येते त्याला प्रश्न वाचताच येते, आणि ज्याला येत नाही तो परीक्षेच्या पहिल्या मिनिटात तरी ते बरोबर कसे लिहिणार? ओएसआयचे थरही याच कारणाने गेले. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सवर मात्र बराच वाद झाला. थेट जोडणी ०, स्टॅटिक (हाताने घातलेला मार्ग) १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०, ही एवढीशी ओळ लिहायला काय हरकत आहे, असे काहींचे म्हणणे होते. मी ती तूर्त ठेवली आहे, पण ती टिकेल असे वाटत नाही.

शेवटी खरोखर लिहिण्यासारखा एक सबनेटचा तक्ताच उरला. त्याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. बाकीच्या याद्या पाठांतरातून येतात. हा तक्ता मात्र एका ओळीतून पुढच्या ओळी काढत रचता येतो, रचतानाच तपासता येतो, आणि प्रश्न कोणताही असला तरी त्यातले आकडे पुन्हा पुन्हा लागतात.

१२ जून २०२५

तक्त्याचे रूप आज पक्के केले. आयपी पत्त्यातले ठिपक्यांनी वेगळे केलेले चार आकडे म्हणजे चार ऑक्टेट; /२५ सारखा प्रिफिक्स पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे हे सांगतो, आणि मास्क तेच आकड्यात मांडतो. तक्ता असा:

आकार: १२८ ६४ ३२ १६ ८ ४ २ १
मास्क: १२८ १९२ २२४ २४० २४८ २५२ २५४ २५५
चौथा ऑक्टेट: /२५ /२६ /२७ /२८ /२९ /३० /३१ /३२
तिसरा ऑक्टेट: /१७ /१८ /१९ /२० /२१ /२२ /२३ /२४

पहिली ओळ उजव्या टोकाच्या १ पासून दुप्पट करत डावीकडे लिहायची. दुसरी ओळ डावीकडून बेरीज करत काढायची: १२८, त्यात ६४ मिळवले की १९२, त्यात ३२ मिळवले की २२४, आणि याप्रमाणे पुढे. शेवटी २५५ आले नाही तर मध्ये कोठे तरी बेरीज चुकली आहे, हे लिहिणाऱ्याला लगेच कळते. तिसरी आणि चौथी ओळ म्हणजे नुसती मोजणी आहे. दुसऱ्या ऑक्टेटसाठी /९ ते /१६ अशी आणखी एक ओळ काहींना हवी होती. चौथ्या ओळीतून ८ वजा केले की ती मिळते, म्हणून ती वगळली.

फळ्यावर सोडवलेले उदाहरण येथे उतरवून ठेवतो. होस्टचा, म्हणजे नेटवर्कमधल्या एका यंत्राचा, पत्ता १७२.१६.९३.२००/२१ आहे, त्याचे नेटवर्क (गटातला पहिला पत्ता) आणि ब्रॉडकास्ट (शेवटचा, सर्वांना एकदम पोचणारा पत्ता) कोणते? /२१ तिसऱ्या ऑक्टेटच्या ओळीत सापडतो, त्याच्या वर मास्क २४८ आणि आकार ८ आहे. म्हणजे तिसऱ्या ऑक्टेटमध्ये नेटवर्क आठा-आठाच्या टप्प्यांनी सुरू होतात. ९३ च्या आतला आठाचा शेवटचा टप्पा ८८, पुढचा ९६. म्हणून नेटवर्क १७२.१६.८८.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.९५.२५५, आणि वापरता येणारे पत्ते २०४६. याच स्तंभातून वाइल्डकार्डही, म्हणजे मास्कचे उलट रूपही, निघते: आकारातून एक वजा केले की ७, म्हणून ०.०.७.२५५. ॲक्सेस लिस्ट (कोणाला वाट द्यायची याची यादी) किंवा ओएसपीएफची नेटवर्क आज्ञा विचारली तर २५५ मधून मास्क वजा करत बसण्याची गरज उरत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेल्यांना येथे एक मोठा लाभ आहे, आणि तो त्यांना स्वतःला ठाऊक नव्हता. सोळाचे, बत्तिसाचे टप्पे मोजताना इतर जण बोटांवर बेरीज करतात. यांना ‘सोळा पंचे ऐंशी, सोळा सक शहाण्णव’ हे आपोआप येते. /२८ च्या प्रश्नात १०५ हा पत्ता कोणत्या टप्प्यात बसतो याचे उत्तर पाढ्यातूनच निघते: ९६ ते १११. ज्यांचे पाढे कच्चे आहेत त्यांना आठ, सोळा आणि बत्तीस हे तीन पाढे आठवडाभरात पक्के करायला सांगितले आहे.

१९ जून २०२५

आज फलकावरचा सराव सुरू केला. झेरॉक्सच्या दुकानातून ए-४ आकाराचे पांढरे कागद लॅमिनेट करून आणले आणि प्रत्येकाला बारीक टोकाचा मार्कर दिला. वहीवर तक्ता सहज लिहिणाऱ्यांचीही येथे गती मंदावली. मार्करची रेघ जाड असल्यामुळे आठ स्तंभ पानाच्या रुंदीत मावेनात. ४ आणि ९ यांतला फरक पुसट झाला. आणि डावखुऱ्या विद्यार्थिनीचा हात लिहून झालेल्या ओळीवरून सरकल्याने आकडे पुसले गेले. तिने तक्ता पानाच्या उजव्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ तशीही उजवीकडून डावीकडे लिहायची असल्याने तिला ते सोयीचेच पडले. बाकीच्यांसाठी असे ठरले की तक्ता पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात राहील, त्याखाली एक आडवी रेघ येईल, आणि रेघेच्या वरचे काही झाले तरी पुसायचे नाही.

रेघेखालची जागा कशी वापरायची हे दाखवण्यासाठी एका साखर कारखान्याच्या कार्यालयाचा प्रश्न रचला. हाताशी १९२.१६८.४०.०/२४ आहे, प्रशासनाला १०० पत्ते हवेत, शेतकी विभागाला ५०, वजनकाट्यांना २५, आणि दोन राउटरमधील जोडणीला २. येथे गरजा उतरत्या क्रमाने लिहिण्याला पर्याय नाही. प्रत्येक गरजेसमोर तिला पुरेल असा सर्वांत लहान आकार तक्त्यातून उचलून मांडायचा: १०० साठी १२८, ५० साठी ६४, २५ साठी ३२, आणि २ साठी ४. मग सुरुवातीचे आकडे आपोआप एकाखाली एक येतात: ०, १२८, १९२, २२४. प्रशासनाला /२५, शेतकीला /२६, वजनकाट्यांना /२७, जोडणीला /३०. ज्यांनी हा क्रम सोडून वजनकाट्यांपासून सुरुवात केली होती, त्यांच्या मांडणीत प्रशासनाचा १२८ चा गट मध्येच अडला आणि आधीचे सर्व पुसावे लागले.

जोडणीला /३१ का नाही, असा प्रश्न एकाने विचारला, आणि तो रास्त आहे. दोन टोकांच्या जोडणीत /३१ चे दोन्ही पत्ते वापरण्याची मुभा २००० सालच्या आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने दिलेली आहे. प्रश्नात तसा उल्लेख असेल तर /३१ घ्यावा. नसेल तर आकारातून नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे दोन वजा करण्याचा नेहमीचा हिशेब धरावा.

२६ जून २०२५

राउटिंगच्या प्रश्नांवर आजचा पूर्ण वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता, कारण परीक्षेच्या आराखड्यात आयपी कनेक्टिव्हिटीचा, म्हणजे राउटिंगच्या भागाचा, वाटा २५ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा आहे.

राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे राउटरच्या मार्गांच्या यादीत, तीन नोंदी आहेत: १०.१.०.०/१६ ओएसपीएफकडून, १०.१.३२.०/१९ स्टॅटिक, आणि १०.१.४८.०/२० आरआयपीकडून. पॅकेट १०.१.५०.७ कडे जायचे आहे. गटातील अर्ध्या जणांनी स्टॅटिक नोंद निवडली, कारण तिचे डिस्टन्स १ आहे. त्यांना मी फलकावर तीनही नोंदींचा पल्ला लिहायला लावला. तिसऱ्या ऑक्टेटमध्ये पहिली ० ते २५५, दुसरी ३२ ते ६३, तिसरी ४८ ते ६३. ५० हा आकडा तिन्हींत बसतो, आणि तिन्हींत बसत असेल तर ज्या नोंदीचा प्रिफिक्स सर्वांत लांब ती जिंकते. म्हणून पॅकेट आरआयपीच्या वाटेने जाईल. डिस्टन्सचा प्रश्न एकाच प्रिफिक्सची माहिती दोन ठिकाणांहून आली तरच उद्भवतो. पल्ले लिहून काढल्यावर कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

यावरून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सची ओळ तक्त्याशेजारी ठेवू नये, असे माझे मत पक्के झाले. ती डोळ्यांसमोर असली की मन आधी तिच्याकडेच धावते, आणि प्रिफिक्सची तुलना राहून जाते. ती आज काढली.

स्पॅनिंग ट्रीच्या, म्हणजे स्विचांच्या जाळ्यात फेरे होऊ न देणाऱ्या पद्धतीच्या, प्रश्नात पूर्ण आकृती पुन्हा काढत बसू नये. स्विचची नावे एकाखाली एक लिहावीत, प्रत्येकासमोर प्रायॉरिटी आणि मॅक पत्त्याचा (यंत्राच्या मूळच्या पत्त्याचा) जेथे फरक पडतो तेवढाच भाग लिहावा, आणि सर्वांत लहानावर खूण करावी; तोच मुख्य (रूट) स्विच. प्रायॉरिटीत व्हीलॅनचा (स्विचवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कचा) क्रमांक मिळवलेला असतो, म्हणून व्हीलॅन १० मध्ये मुळातली ३२७६८ ही ३२७७८ दिसते. त्या आकड्याने गोंधळून जायचे कारण नाही. मग वाटेचा खर्च: १०० मेगाबिटला १९, एक गिगाबिटला ४, दहा गिगाबिटला २.

७ जुलै २०२५

काल आषाढी एकादशी झाली. काही जण पंढरपूरहून परतलेले नाहीत. उपस्थित होते त्यांच्यासोबत आयपीव्ही-६ मधला ईयूआय-६४, म्हणजे मॅक पत्त्यातून आयपी पत्त्याचा उत्तरार्ध काढण्याचा, एवढाच भाग घेतला. मॅक पत्त्याच्या मधोमध एफएफएफई घालायचे आणि डावीकडून सातवा बिट उलटवायचा, ही कृती सर्वांना येते. अडचण उलटवण्यात होते. त्यासाठी फलकावर बिट मांडण्याची गरज नाही. पहिल्या जोडीतला दुसरा अंक दोनाने बदलतो: ० चा २, १ चा ३, ४ चा ६, ५ चा ७, ८ चा ए, सी चा ई, आणि उलटही तसेच. मॅक ००:१बी:४४:११:३ए:बी७ असेल तर इंटरफेसचा भाग ०२१बी:४४एफएफ:एफई११:३एबी७ होतो. हे दोन ओळींत मावते.

१७ जुलै २०२५

निलंग्याकडच्या विद्यार्थ्याने परीक्षा घरूनच ऑनलाइन देण्याचा विचार बोलून दाखवला. पुण्याच्या केंद्रावर जायचे तर रात्रीची एसटी, मुक्काम आणि कामाचे बुडालेले दिवस, हा खर्च त्याला नको आहे. त्याचे म्हणणे योग्य आहे, पण कच्च्या पानाच्या दृष्टीने घरची परीक्षा पूर्ण वेगळी आहे, हे त्याला सविस्तर सांगितले.

घरच्या परीक्षेत कागद-पेन चालत नाही. टेबल मोकळे ठेवून खोलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे द्यावी लागतात, आणि लिहिण्यासाठी परीक्षेच्या खिडकीतलाच व्हाइटबोर्ड वापरावा लागतो. माऊसने आकडे काढणे हे फारच संथ काम आहे. म्हणून त्याच्यासाठी तक्त्याचे टंकलिखित रूप केले: फक्त आकाराची आणि मास्कची ओळ, आकड्यांमध्ये एकेक जागा सोडून. प्रिफिक्सच्या ओळी त्याने मनात मोजायच्या. सरावासाठी संगणकावरच्या साध्या चित्रकलेच्या प्रोग्रामात मजकुराची चौकट उघडून तो लिहितो आहे.

दुसरी अट पाढ्यांची. परीक्षेत मोठ्याने बोलणे, पुटपुटणे, प्रश्न वाचून दाखवणे यांवर बंदी असते, आणि कॅमेऱ्यापलीकडचा निरीक्षक त्यावरून परीक्षा थांबवू शकतो. आमच्याकडे पाढे म्हणायचेच ते ओठ हलवून. तो म्हणाला, “सर, तोंडातून म्हटल्याशिवाय मला पुढचा आकडाच येत नाही.” त्यावर उपाय म्हणून टप्पे पाठ म्हणण्याऐवजी लिहून काढण्याचा सराव दिला आहे: ०, १६, ३२, ४८, आणि तसेच पुढे, ओठ मिटून. विजेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पावसाळ्यात त्यांच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, पण राउटर बंद पडला की जोडणी तुटते. इन्व्हर्टरवर राउटर चालतो की नाही हे त्याने मेन स्विच बंद करून पाहावे, आणि ते जमत नसेल तर केंद्राचीच वेळ घ्यावी, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

२८ जुलै २०२५

तक्ता सुरुवातीलाच लिहावा की सबनेटचा पहिला प्रश्न आल्यावर, यावर गटाचे एकमत होत नव्हते. सुरुवातीला लिहिलेला प्रत्येक आकडा १२० मिनिटांतूनच वजा होतो, हे खरे आहे. तरीही मी सुरुवातीच्या बाजूने आहे. माणसाचे मन एका वेळी किती घटक धरून ठेवू शकते यावर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साताच्या आसपासचा आकडा मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारापर्यंत खाली आणला. सबनेटच्या प्रश्नात पत्ता, प्रिफिक्स, आकार आणि चार पर्याय एवढे सर्व एकाच वेळी तोलायचे असते. त्यातच तक्ताही रचत बसले तर त्या चारांतली एखादी गोष्ट निसटणारच. परीक्षेच्या आरंभी मन ताजे असते, हात थरथरत असला तरी ही ओळखीची कृती करताना तो स्थिरावतो, आणि सराव झालेल्याला यासाठी दोन मिनिटेही लागत नाहीत.

मात्र तक्त्याखेरीज दुसरे काहीही आधी लिहायचे नाही.

कॉम्पटिया या दुसऱ्या संस्थेची नेटवर्क प्लस परीक्षा देणाऱ्या दोघांसाठी वेगळी सूचना केली. तेथे ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न येतात, आणि प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येते. त्यांनी फलकाच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी राखावी, मागे ठेवलेल्या प्रश्नाचा क्रमांक तिथे लिहावा, आणि त्यासोबत कोणते पर्याय नक्की चुकीचे आहेत तेही लिहावे. नुसता क्रमांक लिहिला तर परत आल्यावर सर्व विचार नव्याने करावा लागतो.

११ ऑगस्ट २०२५

गटातील एक विद्यार्थिनी पुण्याच्या केंद्रावर परीक्षा देऊन, उत्तीर्ण होऊन आली. वर्गात पेढे वाटून झाल्यावर सर्वांनी तिला घेरले, तेव्हा मी आधीच बजावले की प्रश्न काय आले हे कोणीही विचारायचे नाही. परीक्षेच्या आरंभी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो, आणि तो मोडणाऱ्याचे प्रमाणपत्र जाऊ शकते. बाजारात खऱ्या प्रश्नांचे म्हणून जे संच विकले जातात त्यांनाही आमच्या गटात जागा नाही. उद्या एखाद्या रुग्णालयाचे किंवा बँकेचे नेटवर्क या मुलांच्या हाती येणार आहे, आणि पाठ केलेल्या उत्तरांवर ते चालवता येत नाही.

तिला फक्त फलकाबद्दल विचारले. तक्ता तिने घड्याळ सुरू झाल्यावर लगेच लिहिला, आणि रेघेखालची जागा दोनदा पूर्ण भरली. पुसायला वेळ घालवण्याऐवजी तिने हात वर करून दुसरा फलक मागितला, तो मिळालाही. पण पहिला परत घेतला गेल्याने तक्ता पुन्हा लिहावा लागला. ही माहिती आमच्या कामाची आहे. तक्ता अगदी थोड्या वेळात दुसऱ्यांदा लिहिता येणे हे आता सरावाचा भाग करतो आहोत. प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनच्या प्रश्नांविषयी तिची सूचना अशी की, आज्ञा टंकण्याआधी इंटरफेसचे नाव, पत्ता आणि मास्क फलकावर एका ओळीत उतरवून घ्यावेत, म्हणजे प्रश्नाचा मजकूर आणि टर्मिनलची खिडकी यांच्यात सारखे ये-जा करावे लागत नाही.

२१ ऑगस्ट २०२५

आराखड्याची सध्याची प्रत लॅमिनेट करून वर्गात लावली: वर चार ओळींचा तक्ता, त्याखाली रेघ, रेघेखाली डावीकडे पल्ले आणि टप्प्यांची जागा, उजवीकडे पर्याय खोडण्याची जागा. उद्या पोळा असल्याने वर्गाला सुट्टी आहे. निलंग्याच्या विद्यार्थ्याचा राउटर इन्व्हर्टरवर पुरेसा वेळ चालला नाही. त्याने पुण्याच्या केंद्राची सप्टेंबरमधली वेळ घेतली आहे, त्यामुळे सोमवारपासून त्याला टंकलिखित तक्ता सोडून मार्करवर आणायचे आहे.